आकाशातले मायबाप सरकार

दिवाळीच्या ताटात चकली-करंजीच्या शेजारी एका इंग्रजी कादंबरीचे परीक्षण वाढून ठेवणे हा थोडासा अरसिकपणाच आहे, हे मी आधीच कबूल करतो. पण फराळ दोन दिवसांत संपतो आणि अंक मात्र पुढच्या दिवाळीपर्यंत घरात हिंडत राहतो, एवढाच माझा बचाव आहे. दुसरेही एक कबूल करायला हवे. माझे शिक्षण मॅट्रिकच्या पुढे गेले नाही. मी धाराशिव जिल्ह्यातल्या एका लहानशा खाजगी शाळेत धाकट्या वर्गांना शिकवतो, आणि रिकाम्या वेळात कादंबऱ्या लिहितो. तेव्हा इंग्रजी वाङ्मयाच्या प्राध्यापकाने करावे तसे हे परीक्षण नाही. सोलापूरच्या फुटपाथवर जुन्या पुस्तकांच्या ढिगात हे पुस्तक हाती लागले, आणि शब्दकोश मांडीवर घेऊन एक अख्खी उन्हाळ्याची सुटी मी त्यावर घालवली. शेवटचे पान मिटले त्या रात्री झोप आली नाही. ती का आली नाही, याचा हा हिशेब आहे.

पुस्तकाचे नाव 'चाइल्डहूड्स एंड', म्हणजे बालपणाचा अंत. लेखक आर्थर क्लार्क. हे गृहस्थ 1917 साली इंग्लंडात जन्मले, 1956 साली शेजारच्या श्रीलंकेत राहायला आले आणि 2008 साली तिथेच वारले. पृथ्वीभोवती फिरणाऱ्या उपग्रहांकरवी साऱ्या जगाला संदेश पोचवता येतील, ही कल्पना त्यांनी 1945 साली मांडली होती. आज आपल्या घरावर जी दूरचित्रवाणीची तबकडी असते, तिच्या पूर्वजांत त्यांचे नाव घ्यावे लागते. कादंबरी 1953 सालची. तिच्या पहिल्या भागाचे मूळ 1950 साली छापलेल्या त्यांच्याच एका कथेत आहे. या सालांकडे वाचकांनी लक्ष ठेवावे. पुढे त्यांचे काम पडणार आहे.

कथा थोडक्यात सांगतो. माणूस अग्निबाण सोडून अंतराळात जाण्याच्या तयारीत असतानाच एके दिवशी जगातल्या मोठमोठ्या शहरांवर प्रचंड याने येऊन स्थिर होतात. त्यांतून आलेल्या परक्यांना मी 'अधिपती' म्हणतो. त्यांचा मुख्य कॅरेलेन. तो कुणाला दिसत नाही, फक्त त्याचा आवाज ऐकू येतो. राष्ट्रसंघाचा मुख्य चिटणीस स्टॉर्मग्रेन हा त्याला भेटायला यानात जातो, पण दोघांमध्ये एक पडदा असतो. हे अधिपती लूट करीत नाहीत, कर बसवीत नाहीत, कुणाला गुलाम करीत नाहीत. लढाया थांबवा, एवढेच सांगतात, आणि त्या थांबतात. माद्रिदच्या आखाड्यात बैलाला भाला टोचला जातो, त्या क्षणी ती कळ हजारो प्रेक्षकांच्या अंगातून जाते. पुन्हा कुणी त्या खेळाच्या वाटेला जात नाही. एवढीच शिक्षा. रोगराई, दारिद्र्य, गुन्हे सारे ओसरते. सुवर्णयुग येते.

मात्र अधिपती आपले रूप पन्नास वर्षे दाखवीत नाहीत. पन्नास वर्षांनी कॅरेलेन दोन लेकरे कडेवर घेऊन यानातून उतरतो, तेव्हा त्याला शिंगे आहेत, कातड्याचे पंख आहेत आणि शेपूट आहे. ख्रिस्ती जगाने हजारो वर्षे रंगवलेला सैतान तो हाच.

सुवर्णयुगात एक उणीव मात्र लोकांना जाणवू लागते. सगळे काही मिळते म्हणून कुणाला काही करावेसे वाटत नाही. नवे संशोधन थांबते, नवी कला निपजत नाही. काही कलावंत एका बेटावर वेगळी वसाहत करून राहतात. त्या बेटावर जॉर्ज आणि जीन ग्रेगसन या जोडप्याची दोन मुले विचित्र स्वप्ने पाहू लागतात. पाहता पाहता जगातली सगळीच लहान मुले तशी होतात. त्यांची मने एकमेकांत मिसळतात, आईबापांना ती ओळखेनाशी होतात. तेव्हा कॅरेलेन खरे सांगतो. अधिपतींच्याही वर एक महामन आहे. त्याने त्यांना पाठवले ते या मुलांचे रूपांतर सुखरूप व्हावे म्हणून. खुद्द अधिपतींना मात्र ते रूपांतर कधीच साधणार नाही. ते दाया आहेत, त्यांची कूस उजवणार नाही. यानात लपून अधिपतींच्या जगाला गेलेला जॅन रॉड्रिक्स परततो. त्याच्या लेखी काही महिने, पृथ्वीवर ऐंशी वर्षे उलटलेली असतात. तो शेवटचा माणूस. पृथ्वी विरघळून जाताना काय दिसते, ते तो अधिपतींना सांगत राहतो आणि कादंबरी संपते.

आता माझे म्हणणे. पहिली गोष्ट त्या रूपाची. पन्नास वर्षे झाकून ठेवलेले रूप उघडे होते, तो प्रसंग इंग्रज वाचकाच्या अंगावर काटा आणीत असेल. माझ्या अंगावर आला नाही. कारण सरळ आहे. बलिप्रतिपदेला आमच्या घरची बायामाणसे ओवाळताना, इडापिडा टळून कुणाचे राज्य यावे म्हणून मागणे मागतात? बळीचे! बळी हा असुर. प्रल्हादाचा नातू, पण कुळाने असुरच. त्याला शिंगे होती की नव्हती, याची चौकशी आमच्या आजीने कधी केली नाही. त्याच्या राज्यात कुणी उपाशी नव्हते, एवढे तिला पुरेसे होते. शेतकऱ्याला आपण बळीराजा म्हणतो तेही त्याच्याच नावाने. तेव्हा असुराच्या रूपातला दयाळू राजा ही कल्पना मराठी माणसाला नवी नाही, दर कार्तिकात तिची उजळणी होते.

आम्हाला धक्का बसतो तो शेवटच्या भागात. आकाशाहून मोठे असे काहीतरी येते, तीन पावलांत सारे व्यापते, आणि भले राज्य पायाखाली जाते. महामनात मला वामनाची सावली दिसली. महात्मा फुल्यांनी 1873 च्या 'गुलामगिरी'त बळीला इथला राजा ठरवून वामनाला परका म्हटले होते. ते कुणाला पटो वा न पटो, राज्य कुणाचे आणि परका कोण, हा प्रश्न मराठीत तेव्हाच विचारला गेला. क्लार्कसाहेबांनी तो विचारलेला नाही. महामनाला कुणी बोलावले होते, याचा जाब त्यांच्या पुस्तकात कुणी मागत नाही.

दुसरी गोष्ट राज्याची. कादंबरीत एके ठिकाणी हिंदुस्थानातल्या इंग्रजी राज्याची तुलना निघते. साम्राज्य हाती आल्यावर त्याचे काय करायचे हे इंग्रजांना ठाऊक नव्हते, व्यापारासारख्या किरकोळ कारणांपलीकडे त्यांचा हेतू नव्हता, आणि ते सोडून दिल्यावरच त्यांना सुख लागले, असा तिथला भाव आहे. अधिपतींना मात्र आपला हेतू पक्का ठाऊक आहे. हे वाचून मी पुस्तक पालथे ठेवले. व्यापार किरकोळ? त्या किरकोळ व्यापारातून देशाचे रक्त कसे वाहून गेले, याचा हिशेब दादाभाई नौरोजींनी 1901 सालच्या आपल्या ग्रंथात आकड्यांनिशी मांडला आहे. कथा 1950 ची, म्हणजे इंग्रज इथून गेल्याला तीन वर्षे झाली होती. राज्य गमावलेल्या देशातला एक हुशार लेखक कल्पना करतो की आता आपल्यावरच कुणी तरी, आपल्याहून शहाणे आणि आपल्याहून निःस्वार्थी, राज्य करायला आले आहे. या कल्पनेत पश्चात्ताप किती आणि हुरहुर किती, हे मला सांगता येणार नाही. दोन्ही आहेत, असे माझे मत आहे.

पण आपण तरी फार ताठ मानेने बोलावे असे नाही. परक्यांचे भले राज्य हा विषय मराठीत शंभर वर्षे आधीच घोळला गेला होता. लोकहितवादींनी 1848 पासूनच्या आपल्या शतपत्रांत इंग्रजांकडे ईश्वराने आपल्याला शहाणे करण्यासाठी पाठवलेले गुरू म्हणून पाहिले. न्यायमूर्ती रानड्यांनाही त्या राज्यात ईश्वरी योजना दिसली. फुल्यांना त्या राज्यात शूद्रातिशूद्रांसाठी शाळेचे दार उघडताना दिसले, आणि ते दार खोटे नव्हते. उलट विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी 'निबंधमाले'त या गुरुभक्तीवरच कोरडे ओढले. सुराज्य की स्वराज्य, हा तो वाद. क्लार्कच्या कादंबरीत स्वातंत्र्यसंघ नावाची एक संघटना आहे. तिचे म्हणणे चिपळूणकरांच्या जवळपासचे आहे. लेखकाने तिला पहिल्या भागातच गुंडाळून टाकले, ही या कादंबरीची मोठी उणीव मला वाटते. तिचा पुढारी वेनराइट सरळ, सभ्य माणूस आहे. त्याच्या प्रश्नाला उत्तर मिळत नाही. सुबत्ता आली, आणि प्रश्न आपोआप विरला! चिपळूणकरांना जर कुणी पोटभर जेवायला घालून गप्प केले असते, तर वाद संपला असे आपण म्हटले असते का?

हे सारे पुस्तकी झाले. मला हा प्रश्न पुस्तकात भेटण्याआधी घरात भेटला होता. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे, गणपती बोळवून माणसे निजली असताना, लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यांत भूकंप झाला. सुमारे दहा हजार माणसे गेली. मी तेव्हा पोरसवदा होतो. माझे आजोळ सास्तूरच्या बाजूला. आमच्याकडची जुनी घरे माळवदाची: मातीत रचलेल्या दगडांच्या जाड भिंती आणि वर मातीचे जड छप्पर. उन्हाळ्यात त्या घरांत गारवा असे. त्या पहाटे तोच गारवा देणारा दगड-मातीचा भार अंगावर आला. माझी मामी त्यात गेली.

मग मदत आली. आभाळातून उतरावी तशीच आली. लष्कर आले, डॉक्टर आले, देशोदेशींच्या संस्था आल्या. पुढे जागतिक बँकेच्या कर्जातून पुनर्वसनाचे मोठे काम झाले, बावन्न गावे जुनी जागा सोडून नव्या जागी वसवली गेली. पक्की घरे, सरळ रस्ते, चौकोनी आखणी. या कामाला नावे ठेवणारा मी कृतघ्न ठरेन. त्या घरांखाली पुन्हा कुणी गाडला जाणार नाही म्हणून ती बांधली गेली.

आजीला नव्या घरात नेले तेव्हा ती उंबऱ्याशी बराच वेळ उभी राहिली. मग म्हणाली, "घर चांगलं हाय रं बाबा. पर दार कुणाकडं बघतंय, त्ये काय कळंना." जुन्या घराचे दार शेजारणीच्या दाराकडे पाहत होते. मधल्या बोळात दळण, निवडण, भांडण, सगळे चाले. नव्या घराचे दार पुढच्या ओळीतल्या घराच्या पाठीकडे पाहत होते. आजीला जुने घर परत नको होते. सून गिळणारे घर कोण मागेल? दार कुठे असावे, एवढे तिला कुणी विचारायला हवे होते. तिच्या सांगण्याप्रमाणे ते कुणी विचारले नाही.

क्लार्कच्या सुवर्णयुगात मला हेच दार दिसत राहिले. अधिपतींनी माणसाला सारे दिले आणि विचारले काहीच नाही. कॅरेलेन दुष्ट नाही. स्टॉर्मग्रेनबद्दल त्याला खरी माया आहे. त्या दोघांचे संवाद हा कादंबरीतला सर्वांत सुंदर भाग आहे. स्टॉर्मग्रेन एक युक्ती करून पडद्याआडचे रूप ओझरते पाहतो, आणि ते गुपित आयुष्यभर जपतो, तेव्हा कॅरेलेनच्या मायेला माणसाने मायेनेच उत्तर दिलेले असते. पण माया असूनही कॅरेलेन खरा हेतू सांगत नाही. योग्य वेळ आली की कळेल, हेच त्याचे उत्तर.

आणि इथेच मला माझ्या खुर्चीत चुळबुळ होऊ लागली. कारण हे वाक्य मी रोज बोलतो. वर्गात एखादे पोर उभे राहून विचारते, "गुरुजी, ह्ये आमी कशापायी शिकायचं?" आणि मी सांगतो, "मोठा झालास की कळेल." पन्नास वर्षांचा पडदा मीही लावतो! माझ्यामागे कोणते महामन आहे, ते मला तरी कुठे ठाऊक आहे? वर कुणी तरी अभ्यासक्रम आखतो, मी तो खाली पोचवतो. मुले तयार होतात आणि पुण्याला, सोलापूरला, हैदराबादला निघून जातात. त्यांतली काही सुटीत भेटायला येतात आणि जे बोलतात, ते मला अर्धे कळत नाही. मी पुन्हा पहिल्या धड्यावर. दुसऱ्यांच्या लेकरांना आपल्याला न दिसणाऱ्या गावाला पोचवायचे आणि आपण वेशीवरच थांबायचे, हे दुःख क्लार्कने कॅरेलेनच्या शिंगांखाली ठेवले आहे. शेवटी पृथ्वी नाहीशी झाल्यावर तो मागे वळून पाहतो, तेव्हा मला तो सैतान वाटला नाही, राजाही वाटला नाही. निरोपसमारंभ आटोपल्यावर रिकाम्या वर्गात उभा असलेला मास्तर वाटला. झोप उडाली ती यामुळे.

तरीही कॅरेलेनला मी आदर्श मास्तर म्हणणार नाही, आणि त्याला कारण आमच्याच जिल्ह्यात आहे. 1930 च्या सुमारास हिप्परग्याच्या राष्ट्रीय शाळेत व्यंकटेश खेडगीकर नावाचे मुख्याध्यापक होते. पुढे संन्यास घेऊन ते स्वामी रामानंद तीर्थ झाले. तेव्हा इथे निजामाचे राज्य होते. ते राज्य दयाळू होते असे मी म्हणत नाही. रझाकारांच्या आठवणी आमच्या गावांतून अजून पुसलेल्या नाहीत. पण प्रजेला न विचारता प्रजेचे ठरवणारे ते राज्य होतेच. 1947 साली देश स्वतंत्र झाला तेव्हाही कुठे जायचे ते एकट्या निजामाने ठरवले, आणि 17 सप्टेंबर 1948 उजाडेपर्यंत आम्ही थांबलो. हिप्परग्याच्या मास्तरांनी मुलांना सांगितले ते उघड सांगितले, आणि वेळ आली तेव्हा वेशीवर थांबले नाहीत. तुरुंगात स्वतः गेले. मास्तर आणि अधिपती यांत फरक असेल तर तो एवढाच: मास्तर त्याच मातीवर उभा असतो आणि त्यालाही प्रश्न विचारता येतो.

कादंबरी म्हणून पुस्तकात दोष पुष्कळ आहेत. तीन भागांत तीन वेगळे नायक. एकाशी ओळख होते न होते तो लेखक पुढे निघतो. सुवर्णयुगाचे वर्णन सरकारी अहवालासारखे आहे. जगभरचा संसार बदलला म्हणतात, पण अख्ख्या पुस्तकात एक शेतकरी मला भेटला नाही. स्त्रिया तर चहाचे कप उचलण्यापुरत्या येतात. एकट्या जीनला थोडी जागा मिळते, तीही आई म्हणून. पण त्या आईच्या वाट्याची पाने खरी आहेत. लेकरू समोर आहे, अंगाने धडधाकट आहे, आणि आपले राहिलेले नाही, हे तिला कळते तिथे क्लार्कसाहेब शास्त्रज्ञाची टोपी काढून ठेवतात. एक गंमत सांगतो. पुस्तकाच्या आरंभीच त्यांनी बजावले आहे की यातली मते लेखकाची नव्हेत. मला ही नम्रता आवडली. आपल्याच कल्पनेपुढे थोडे बिचकलेल्या माणसाचे ते लिहिणे आहे.

मराठीत जयंत नारळीकरांनी विज्ञानकथेला घरचे केले. 1974 साली मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेला त्यांनी टोपणनावाने कथा पाठवली, ती 'कृष्णविवर'. 2025 साली ते गेले. त्यांच्या कथा वाचून वाढलेल्या मुलांनी हे पुस्तकही जरूर वाचावे, आणि वाचताना स्वातंत्र्यसंघाच्या बाजूने भांडावे.

यंदाच्या पाडव्याला घरची मंडळी ओवाळतील आणि बळीचे राज्य येवो म्हणतील. मीही मनात म्हणेन. भले राज्य मागण्यात लाज कसली? फक्त आजीच्या वतीने एक शब्द जोडीन: बळीराजा, ये, पण आलास की आधी आमच्या उंबऱ्याशी थांब, आणि दार कुठे ठेवायचे ते विचार.

आणि सुटी संपून शाळा उघडली, की त्या पोराला त्याच्या प्रश्नाचे उत्तर द्यायचे आहे. मला ते येत नसेल, तर तसे सांगायचे आहे.